मॉर्गेज: यात नेमकं मेलेलं काय?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याने फ्लॅटसाठी कर्ज काढलं. बँकेच्या कागदांत पानोपानी 'मॉर्गेज' शब्द. त्यात 'मेलेला' असा अर्थ दडलाय हे कुठेतरी वाचलं आणि ते दचकले. त्याच सुमारास गावी आजोबांच्या ट्रंकेत १९७१ सालचं 'कब्जेगहाणखत' सापडलं. तीन हजार रुपयांना दोन एकर जमीन गहाण. जमीन आजही गहाण घेणाऱ्याची नातवंडं कसतात. चुलते म्हणतात, "तीस वर्षं कधीच उलटली, मेला तो कागद." तेव्हा मॉर्गेज म्हणजे काय, हा शब्द आला कुठून, आणि आजोबांचा कागद खरंच मेलाय का?

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करतो. गहाणाचे दावे अजूनही येतात, पूर्वीइतके नाहीत. तुमचे दोन प्रश्न तुम्हाला वेगवेगळे वाटत असतील, पण शब्दाची गोष्ट नीट सांगितली की दुसऱ्याचं उत्तर त्यातच निघतं. म्हणून आधी शब्दच घेतो.

उच्चारापासून सुरुवात. आपल्याकडे अर्धी मंडळी 'मॉर्टगेज' म्हणतात. मूळ इंग्रजीत तो 'ट' बोलायचा नसतो. मधल्या काळातल्या इंग्रजीत तो लिहीतही नसत. पुढे विद्वानांनी लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो अक्षरांत घुसवला. शब्द जुन्या फ्रेंचमधला. 'मॉर्त' म्हणजे मेलेलं आणि 'गाज' म्हणजे तारण. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या कोर्टाची भाषा फ्रेंच झाली आणि कायद्याचे असे शेकडो शब्द इंग्रजीत कायमचे राहिले. 'मॉर्त' लॅटिनमधून आलेला. आपला 'मृत', 'मृत्यू' आणि रोजच्या बोलण्यातला 'मेला' याच प्राचीन धातूचे भाऊबंद आहेत, त्यामुळे शब्दाचा पहिला अर्धा भाग आपल्याला परका नाही.

दुसऱ्या अर्ध्याची गंमत जास्त. 'गाज' हा शब्द फ्रेंचांनी जर्मानिक टोळ्यांकडून घेतला. त्याचं मूळ रूप 'व'ने सुरू होणारं, अर्थ हमी, वचन, त्यासाठी ठेवलेली वस्तू. जुन्या इंग्रजीत तोच शब्द 'वेड' होता आणि त्यातून 'वेडिंग' आलं. फ्रान्सच्या उत्तर भागात 'व' टिकला, पॅरिसकडे त्याचा 'ग' झाला, आणि इंग्रजीने दोन्हीकडून उसनवारी केली. म्हणून 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' या मुळात एकच. तसेच एकीकडे 'वेजेस' म्हणजे मजुरी आणि 'वेजर' म्हणजे पैज, दुसरीकडे 'एंगेजमेंट' आणि 'मॉर्गेज', हे सगळं एकाच घरातलं. साखरपुडा, लग्न आणि गहाणखत ही सख्खी भावंडं निघाली हे मी एकदा बाररूममध्ये सांगितलं, तर एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "यासाठी शब्दकोश कशाला पाहिजे होता?"

आता मुद्द्याचं. मेलेलं काय? याची दोन उत्तरं इंग्लंडमध्येच आहेत, तीनशे वर्षांच्या अंतराने दिलेली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

लोकांना माहीत असतं ते दुसरं. पंधराव्या शतकात सर थॉमस लिटलटन या न्यायाधीशाने जमिनीच्या कायद्यावर फ्रेंचमध्ये एक ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, ठरल्या दिवशी ऋणको पैसे देईल की नाही हे सांगता येत नाही. दिले नाहीत तर जमीन ऋणकोपुरती मेली, दिले तर ते तारण धनकोपुरतं मेलं. ऐकायला छान आहे आणि आज बहुतेक ठिकाणी हेच छापलेलं सापडतं. माझ्या मते ही नंतर बसवलेली उपपत्ती आहे. लिटलटनच्या काळात गहाणाचा जो प्रकार चालत होता, त्याला शोभेल असा अर्थ त्याने शब्दाला दिला.

पहिलं उत्तर ११८७ च्या सुमाराचं. दुसऱ्या हेन्री राजाच्या काळातला इंग्लिश कायद्याचा एक लॅटिन ग्रंथ रॅनल्फ डी ग्लॅनव्हिल याच्या नावावर आहे. त्यात तारणाचे दोन प्रकार सांगितलेत, मृत आणि मृत नसलेलं. या दुसऱ्याला पुढे जिवंत तारण म्हणू लागले. धनकोने जमीन ताब्यात घेतली आणि तिचं उत्पन्न मुद्दलातून वळतं होत गेलं, तर ते जिवंत तारण. कारण ते काम करतंय, कर्ज हळूहळू फेडतंय. धनको पीक खातोय पण मुद्दल एका पैशाने कमी होत नाही, तर ते मृत तारण. म्हणजे 'मॉर्गेज'मध्ये मेलेली ना जमीन, ना कागद. ऋणकोच्या बाजूने काहीच न करणारं तारण ते मेलेलं. ग्लॅनव्हिलला हा प्रकार व्याजखोरीचाच वाटतो. राजाचं कोर्ट तो अडवत नाही, पण असं गहाण हाताशी ठेवून धनको मेला तर त्याच्या मालमत्तेची वाट व्याजखोराच्या मालमत्तेसारखी लावावी असं तो म्हणतो. चर्चने व्याज पाप ठरवलेलं होतं. पीक खाणं ही त्यातून काढलेली पळवाट होती.

तुमच्या आजोबांचा कागद पुन्हा उघडा. त्यात बहुधा असं वाक्य असेल: 'सदर जमिनीचे उत्पन्न तुम्ही व्याजाऐवजी घ्यावे, मुद्दल देताच जमीन परत द्यावी.' ग्लॅनव्हिलच्या भाषेत हे अगदी मूळचं, अस्सल मॉर्गेज आहे. आणि तुमच्या फ्लॅटच्या कागदावर शब्द मॉर्गेज असला तरी त्या जुन्या अर्थाने तो मॉर्गेज नाहीच, कारण फ्लॅटमध्ये तुम्हीच राहता.

मधल्या काळात काय झालं ते सांगायला हवं, कारण आपला कायदा तिथून आला. इंग्लंडमध्ये पुढे पद्धत पडली ती अशी: ऋणकोने जमीन धनकोच्या नावावर करून द्यायची, आणि अमुक तारखेला पैसे आले तर ती परत करायची अट घालायची. तारीख म्हणजे तारीख. एक दिवस उशीर झाला तरी जमीन गेली, आणि साध्या कायद्याच्या कोर्टात त्यावर उपाय नव्हता. सतराव्या शतकात चॅन्सरीच्या कोर्टाने यात हात घातला. चॅन्सरी म्हणजे न्यायबुद्धीने चालणारं कोर्ट. त्याचं म्हणणं सरळ होतं: कागदाला विक्रीचं सोंग दिलं तरी हेतू कर्जाच्या सुरक्षिततेचाच ना? मग तारीख उलटली तरी मुद्दल आणि व्याज देऊन जमीन सोडवता आली पाहिजे. हाच गहाण सोडवण्याचा हक्क, आमच्या भाषेत राइट ऑफ रिडम्प्शन. 'वन्स अ मॉर्गेज, ऑलवेज अ मॉर्गेज' हे वाक्य प्रत्येक ज्युनियर वकिलाला पाठ असतं, ते याच विचारातलं. एकदा गहाण ते शेवटपर्यंत गहाणच, मधल्या कुठल्या कलमाने त्याची विक्री होत नाही. इंग्लंडने तर १९२५ च्या कायद्याने मालकी लिहून देण्याची रीतच मोडली. त्याजागी एकतर बोजा, नाहीतर तीन हजार वर्षांचा भाडेपट्टा. तीन हजार, छापण्यात चूक नाही.

आता आपल्याकडे. साहेबाने गहाण आणलं असं कुणी समजू नये. 'गहाण' हा शब्द 'ग्रहण'वरून आलेला, 'घेणे' त्याच धातूचा. त्याआधीचा धर्मशास्त्रातला शब्द 'आधि'. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात एक श्लोक आहे:

आधिः प्रणश्येद् द्विगुणे धने यदि न मोक्ष्यते ।
काले कालकृतो नश्येत् फलभोग्यो न नश्यति ॥

कर्ज वाढून दुप्पट झालं आणि तोवर सोडवलं नाही तर आधि बुडतो. मुदतीचा असेल तर मुदत संपताच बुडतो. पण ज्याचं फळ धनको भोगतोय, तो आधि बुडत नाही. शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. (दुप्पटीवरून आठवलं: व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा नियमही धर्मशास्त्रातूनच मुंबई इलाख्याच्या कोर्टांत आला.)

दुसऱ्या ओळीतला 'कालकृत', म्हणजे मुदतीचा, आधि महाराष्ट्रात चांगलाच फोफावला होता. त्याला 'गहाण लहाण' म्हणत: मुदतीत पैसे दिले नाहीत तर गहाणाचीच खरेदी समजावी. बंगालकडे याच प्रकाराला 'बय-बिल-वफा' म्हणत. प्रश्न आला की इंग्रजी चॅन्सरीची दया या कागदांना लावायची का? मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये 'रामजी विरुद्ध चिंतो' या दाव्यात लावली, आणि मुदत टळल्यावरही जमीन सोडवू दिली. सहा वर्षांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडच्या एका अपिलात उलट सांगितलं, की इथल्या जुन्या कायद्याप्रमाणे कागदात लिहिलं तसंच चालेल. मुंबईचं कोर्ट तरीही १८७२ मध्ये आपल्या मतावर ठाम राहिलं. वरिष्ठ कोर्टाचं न ऐकणं सहसा बरं नव्हे, पण या एका ठिकाणी मला त्या न्यायाधीशांचं कौतुक वाटतं. १८७५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही या भागातल्या कोर्टांच्या वहिवाटीची दखल घेऊन कायदेमंडळाने हा प्रश्न सोडवावा असं सुचवलं.

त्याच १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. हाती सापडतील ते खतं-रोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. जिवाला धक्का फारसा लागला नाही, राग होता तो कागदावर. त्यानंतर १८७९ चा डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्यात पुढे घातलेल्या कलम १०-अ खाली कागदावर 'खरेदीखत' लिहिलेलं असलं तरी व्यवहार गहाणाचाच होता हे शेतकऱ्याला तोंडी पुराव्याने दाखवता येत असे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मॉर्गेजची व्याख्या केली, कलम ५८. सोप्या शब्दांत: कर्जाची परतफेड सुरक्षित करण्यासाठी विशिष्ट स्थावर मिळकतीतला हितसंबंध दुसऱ्याला देणं. इथे दोन गैरसमज कायम आढळतात. मॉर्गेज म्हणजे कर्ज नव्हे. लंडन-न्यूजर्सीचे आपले लोक 'मॉर्गेज फेडतोय' म्हणतात ते बोलण्यापुरतं ठीक, पण फेडायचं ते कर्ज, मॉर्गेज सोडवायचं असतं. आणि बँक तुम्हाला मॉर्गेज देत नाही. तुम्ही बँकेला देता.

त्या कलमात सहा प्रकार आहेत. सगळ्यांचा पाढा वाचत नाही, तुम्हाला तिघांशी कर्तव्य आहे.

पहिला प्रकार मुदतखरेदी, म्हणजे जुन्या गहाण लहाणाचा वारस. तुमच्या हातात तो नाही, पण ट्रंकेत आणखी कागद निघाले तर उपयोगी पडेल. १९२९ साली कायद्यात दुरुस्ती झाली: परत देण्याची अट खरेदीच्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. सावकार मंडळी हे फार लवकर शिकली. आज पक्कं खरेदीखत, आणि उद्या वेगळ्या स्टॅम्पवर 'पैसे दिल्यास जमीन परत लिहून देईन' असा करार. आमच्याकडे येणारा अशील दुसरा कागद जिवापाड जपून आणतो आणि नेमक्या त्या दुसऱ्या कागदानेच त्याचा गहाणाचा दावा बुडतो. एकाच दस्तात अट असली म्हणजे गहाण सिद्ध झालं असंही नाही, पण निदान दार उघडं राहतं. अवैध सावकारीत जमीन गेली असेल तर मात्र महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तिथे नावापेक्षा व्यवहाराचं खरं स्वरूप बघतात. व्यवहार मात्र पंधरा वर्षांच्या आतला हवा.

दुसरा प्रकार कब्जेगहाण, कलम ५८(ड). ताबा धनकोकडे, पैसे फिटेपर्यंत तो ठेवायचा, उत्पन्न व्याजाऐवजी किंवा मुद्दलापोटी किंवा दोन्हींत थोडं थोडं घ्यायचं. ग्लॅनव्हिलचं जिवंत आणि मृत, दोन्ही तारणं या एका पोटकलमात शेजारीशेजारी बसलीत. इंग्लंडमध्येही याचा एक अवशेष 'वेल्श मॉर्गेज' नावाने उरला होता. त्यात मुदत नसे, आणि धनकोला जमीन गिळताही येत नसे.

तुमचे चुलते जी तीस वर्षं म्हणतात, ती हवेतली नाहीत. गहाण सोडवण्याच्या दाव्याला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ६१ खाली तीस वर्षांची मुदत आहे. त्याआधीच्या १९०८ च्या कायद्यात साठ होती. खरा प्रश्न तीस कुठून मोजायची हा. साध्या गहाणात किंवा मुदतखरेदीत पैसे देण्याची तारीख आली की घड्याळ सुरू होतं. कब्जेगहाणात तशी तारीखच नसते. २०१४ मध्ये 'सिंग राम विरुद्ध शिओ राम' या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ते स्पष्ट केलं: कब्जेगहाण दिलेल्या माणसाचा जमीन परत मिळवण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे चालतो. गहाणाच्या तारखेपासून मुदत धावत नाही. उत्पन्नातून पैसे फिटले, किंवा ते दिले वा कोर्टात भरले, की तिथून ती धावते. नुसती वर्षं उलटली म्हणून गहाण घेणारा मालक होत नाही. फलभोग्यो न नश्यति. निकालात याज्ञवल्क्य नाही, पण उत्तर तेच.

त्यामुळे कागद खरोखर कब्जेगहाणाचा असेल तर तो जिवंत आहे, आणि उत्पन्न व्याजाऐवजी असेल तर द्यायचे आहेत ते मुद्दलाचे तीन हजार रुपयेच. समोरच्या घरातल्यांना हे ऐकून घाम फुटतो, आणि माणुसकीने बघितलं तर मला तेही समजतं. दोन पिढ्यांनी बांध घातले, विहीर खोदली. त्यांनी केलेल्या सुधारणांचा हिशेब काही परिस्थितीत द्यावा लागतो, तोही मनात धरा.

पण जल्लोष करायच्या आधी दस्त नीट वाचून घ्या. 'कब्जेगहाण' या मथळ्याखाली आत 'अमुक वर्षांत न सोडविल्यास हीच कायम खरेदी समजावी' असं वाक्य असेल तर प्रकार मिश्र होतो आणि मुदतीचा प्रश्न वेगळा वळतो. दुसरं, १९७१ नंतर आजोबांनी त्याच माणसाला पक्कं खरेदीखत करून दिलं नाही ना, ते बघा. हे फार वेळा घडलेलं असतं आणि घरात कुणाला माहीत नसतं. एका दाव्यात माझ्याच अशिलाचा असा कागद उलटतपासणीच्या दिवशी समोरून निघाला. त्या दिवशी कोर्टातून घरी येताना एसटीत मी कुणाशी बोललो नाही.

'ते आता कूळ झालेत' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ४ मध्ये ताब्यातल्या गहाणदाराला, म्हणजे गहाण घेणाऱ्याला, कूळ मानण्यातून वगळलंय. चुलते दाव्यात यायला तयार नसतील तरी एकटा वारस सोडवू शकतो, मात्र पूर्ण गहाण सोडवावं लागतं, आपल्या वाट्यापुरते पैसे भरून अर्धा एकर मागता येत नाही.

तिसरा प्रकार तुमच्या फ्लॅटचा. तुम्ही बँकेच्या शाखेत मूळ करारनामा आणि 'इंडेक्स दोन' (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) जमा केलेत ना? तेच गहाण. हक्काचे कागद ठेवून होणारं गहाण, बोलीभाषेत 'इक्विटेबल मॉर्गेज'. लंडनच्या चॅन्सरीने १७८३ मध्ये 'रसेल विरुद्ध रसेल' या दाव्यात ते मान्य केलं, आणि आपल्या कायद्याने व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या शहरांपुरतं घेतलं. सरकारने पुढे इतर शहरं अधिसूचनेने जोडली. मिळकत कुठेही असो, कागद त्या शहरात द्यायचे. बाकीच्या गहाणांना शंभर रुपये किंवा जास्त रकमेसाठी नोंदणीकृत दस्त आणि दोन साक्षीदार लागतात, याला लागत नाहीत. महाराष्ट्रात मात्र २०१३ पासून तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे 'नोटीस ऑफ इंटिमेशन' द्यावी लागते. ती विसरू नका, आणि कर्ज फिटल्यावर बोजा कमी करून घ्यायला तर अजिबात विसरू नका.

चॅन्सरीने वाढवलेला तो सोडवण्याचा हक्क तुमच्या बाबतीत थोडा आखूड झालाय, हेही सांगून ठेवतो. बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता लिलाव करता येतो, आधी साठ दिवसांची नोटीस देऊन. पूर्वी लिलाव पुरा होईपर्यंत पैसे भरून घर वाचवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच तो हक्क उरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. शेतजमिनीला तो कायदा लागू नाही.

राहिले शेजारचे शब्द, भराभर सांगतो. सोनं बँकेत ठेवलंत तर ते तारण, इंग्रजीत प्लेज: जंगम वस्तू आणि ताबा समोरच्याकडे. गाडीचं कर्ज म्हणजे नजरगहाण, हायपोथिकेशन: गाडी तुमच्या दारात, नजर बँकेची. इतका नेमका शब्द इंग्रजीतही नाही. बोजा म्हणजे चार्ज: मिळकतीवर वसुलीचा हक्क, पण हितसंबंध हस्तांतरित होत नाही. सोसायटीच्या पीककर्जाचा सातबाऱ्यावर असतो तो.

आजोबांच्या कागदासाठी पुढची पावलं अशी टाका. दुय्यम निबंधक कार्यालयातून १९७१ च्या दस्ताची सही-शिक्क्याची नक्कल आणि त्या गटाचा तेव्हापासूनचा इंडेक्स दोनचा शोध घ्या. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारे आणि गहाणाची नोंद झालेला फेरफार काढा. गट होण्याआधीचा सर्व्हे नंबर लागेल. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात गहाणदाराचं नाव असेल तर निम्मं काम झालं. मग समोरच्यांना पैसे देऊ केल्याची रजिस्टर नोटीस द्या. नाकारले तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे ते कोर्टात भरता येतात, आणि तरी ताबा मिळाला नाही तर गहाण सोडवण्याचा दावा. पण पैसे भरलेत की तिथून मुदतीचं घड्याळ सुरू होतं, एवढं ध्यानात असू द्या. म्हणून सगळे कागद हाती आल्यावरच भरा.